एका लहान युद्धनौकेचा सेवा-इतिहास आणि दारूगोळा वाहणारे हात

प्रत्येक युद्धनौकेचा एक सेवा-इतिहास असतो. बांधणी कुठे झाली, पाण्यात कधी उतरली, तोफा किती, कोणत्या लढाईत होती, किती पदके मिळाली आणि निवृत्त कधी झाली. एका पानात मावेल असा हा हिशेब. त्यात पोलादाचे वजन असते, इंजिनाचा वेग असतो, कप्तानाचे नाव असते. ज्यांनी जहाजाची पाती जोडली, ज्यांनी दारूगोळा खांद्यावरून वाहिला, ज्यांनी अधिकाऱ्यांच्या ताटवाट्या धुतल्या, ते मात्र त्या पानात नसतात.

आपल्याला हे नवीन नाही. किल्ला कोणी बांधला असे विचारले की राजाचे नाव सांगितले जाते, दगड घडवणाऱ्याचे आणि वाहणाऱ्याचे नाही. म्हणूनच आज मी एका परक्या देशातल्या लहानशा जहाजाची गोष्ट सांगणार आहे. जहाजाचे नाव सुद्धा धड नाही, फक्त क्रमांक आहे: एलसीएस १०२. पण या क्रमांकामागे श्रम, वर्ण आणि नकार यांचा जो इतिहास आहे, तो आंबेडकरी तरुणांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

जहाज कशासाठी जन्माला आले?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिका आणि जपान यांची लढाई चालू होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा या प्रवाळबेटावर अमेरिकन सैनिक उतरले. मोठ्या युद्धनौकांनी दुरून किनाऱ्यावर प्रचंड मारा केला. पण सैनिकांच्या होड्या किनाऱ्याजवळ आल्यावर आपल्याच माणसांना गोळे लागू नयेत म्हणून मोठ्या तोफांचा मारा थांबवावा लागतो. मारा थांबणे आणि सैनिक किनाऱ्यावर पोहोचणे यात काही मिनिटांची फट राहते. त्या फटीत जपानी सैनिकांनी डोके वर काढले. त्यात ओहोटीमुळे होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना छातीभर पाण्यातून गोळीबारात चालत जावे लागले. तीन दिवसांत हजारावर अमेरिकन मेले.

ही फट बुजवण्यासाठी एक वेगळे जहाज हवे होते. उथळ पाण्यात किनाऱ्याला भिडेल इतके लहान आणि तरीही तोफांनी खच्चून भरलेले. त्यातून लँडिंग क्राफ्ट सपोर्ट हा वर्ग तयार झाला. लांबी सुमारे १५८ फूट, रुंदी २३ फूट, तळ सपाट. कर्मचारी सुमारे ७०. नाकावर तोफ, ४० आणि २० मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा आणि एकाच वेळी १२० रॉकेट डागण्याची सोय. आकाराच्या मानाने इतकी शस्त्रे असलेले जहाज त्या ताफ्यात दुसरे नव्हते असे म्हणतात. नौसैनिक त्यांना ‘मायटी मिजेट्स’, म्हणजे बलवान बुटके, म्हणत. अशी एकूण १३० जहाजे बांधली गेली. एलसीएस १०२ त्यातलेच एक. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातल्या कमर्शियल आयर्न वर्क्स या गोदीत ते तयार झाले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये नौदलात दाखल झाले.

या जहाजांची खरी कसोटी लागली ओकिनावाला. १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या आणि जपानने आत्मघातकी विमाने पाठवायला सुरुवात केली. विमाने येताना आधी कळावे म्हणून बेटाभोवती समुद्रात दूरवर रडारच्या चौक्या मांडल्या होत्या. त्या चौक्यांवर विनाशिका आणि त्यांच्या सोबतीला ही लहान जहाजे उभी असत. काम काय? विमाने पाडणे, पेटलेल्या जहाजाची आग विझवणे, बुडणाऱ्यांना पाण्यातून काढणे आणि मेलेल्यांना गोळा करणे. त्यामुळे त्यांना ‘प्रेत वाहणारे’ असेही टोपणनाव पडले. १६ एप्रिलला लॅफी या विनाशिकेवर विमानांचा लोंढा कोसळला, तेव्हा तिच्या मदतीला एलसीएस ५१ होते. एप्रिलमध्येच क्रमांक ३३ आणि क्रमांक १५ बुडाले. जूनमध्ये क्रमांक १२२ चे कप्तान रिचर्ड मॅककूल यांनी स्वतः जखमी असताना आपले जळते जहाज आणि माणसे वाचवली. त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. आपले १०२ क्रमांकाचे जहाज ओकिनावाच्या मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात तिथे होते.

हे शौर्य खरे आहे. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण इथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास वाचला.

गोदीतला वर्ण

जिथे हे जहाज बांधले गेले, त्या ओरेगन राज्याच्या १८५७ च्या घटनेत कृष्णवर्णीयांनी या राज्यात येऊन राहू नये, जमीन घेऊ नये असे कलम होते. ते कलम रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. म्हणजे आपल्याकडे महाडच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षापर्यंत अमेरिकेतल्या एका राज्याच्या घटनेत हे बहिष्काराचे कलम लिहिलेले होते.

मग युद्ध आले आणि गोद्यांना माणसे कमी पडू लागली. ज्यांना राज्यात पाय ठेवायला बंदी होती, त्यांनाच कामासाठी बोलावले गेले. दक्षिणेतल्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष पोर्टलंडला आले. शहरात त्यांना घरे मिळेनात, तेव्हा नदीच्या पुरक्षेत्रात बांध घालून व्हॅनपोर्ट नावाची कामगारवस्ती घाईघाईने उभारली गेली. गोद्यांमधल्या बॉयलरमेकर्स या बलाढ्य कामगार संघटनेने कृष्णवर्णीयांना बरोबरीचे सभासदत्व नाकारले. त्यांच्यासाठी वेगळ्या दुय्यम शाखा काढल्या. वर्गणी भरायची, पण संघटनेच्या कारभारात मत नाही! युद्ध संपल्यावर ३० मे १९४८ रोजी कोलंबिया नदीचा बांध फुटला आणि व्हॅनपोर्ट एका दुपारी पुसले गेले. हजारो लोक बेघर झाले. त्या दिवशी सकाळी गृहनिर्माण खात्याने घरोघर पत्रक वाटले होते की घाबरू नका, बांध सुरक्षित आहेत.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. आपल्या माणसांना कापड खात्यात माग चालवायला घेत नसत, कारण तुटलेला धागा ओढायला तोंडाने धोटा ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. पगार जास्त असलेले ते खाते बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. कामगार एक झाला पाहिजे, हे खरे. पण कामगाराच्या आत जात असते, वर्ण असतो, हे न पाहता केलेली एकी कोणाच्या फायद्याची असते, हे पोर्टलंडनेही दाखवले आणि परळनेही.

जहाजावरचा वर्ण

आता जहाजावर चढू. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिथल्या नौदलात सुमारे १८ हजार कृष्णवर्णीय नौसैनिक होते आणि ते गोऱ्यांच्या बरोबर एकाच जहाजावर लढले. पुढे वर्णभेदाचे कायदे घट्ट होत गेले तशी त्यांची जागा आक्रसत गेली. पहिले महायुद्ध संपताच १९१९ मध्ये नौदलाने कृष्णवर्णीयांची नवी भरतीच बंद केली. १९३२ मध्ये ती पुन्हा सुरू केली, पण फक्त एका कामासाठी: गोऱ्या अधिकाऱ्यांचे जेवण वाढणे, अंथरूण घालणे, बूट चमकवणे.

हा आलेख आपल्या ओळखीचा वाटतो ना? १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार सैनिक लढले. मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. सुभेदार रामजी सकपाळ त्याच परंपरेतले. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘लढवय्या जाती’ नावाचा सिद्धांत पुढे आला आणि महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असेल तेव्हा शूर, गरज संपली की अपात्र. अटलांटिकच्या त्या बाजूलाही हेच गणित आणि अरबी समुद्राच्या या बाजूलाही हेच.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर डोरिस मिलर नावाचा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय मेस अटेंडंट होता. हल्ल्याच्या वेळी तो धुण्याचे कपडे गोळा करत होता. त्याने जखमी कप्तानाला हलवायला मदत केली आणि मग विमानविरोधी मशीनगनचा ताबा घेतला. ही बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण त्याला कधीच दिले गेले नव्हते, कारण ते काम त्याच्या वर्णाचे नव्हते. पहिल्या बातम्यांत त्याचे नावही नव्हते, फक्त ‘एक निग्रो मेसमन’ एवढाच उल्लेख होता. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी, विशेषतः पिट्सबर्ग कुरिअरने, पिच्छा पुरवला तेव्हा नाव बाहेर आले. मे १९४२ मध्ये त्याला नेव्ही क्रॉस मिळाला. पण बढती मिळाली ती स्वयंपाकघराच्याच शिडीवर. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी लिस्कम बे हे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले, तेव्हा त्यावर तो आचारी म्हणून होता.

जून १९४२ पासून कृष्णवर्णीयांना इतर कामांत घेण्याचे कागदोपत्री ठरले. मार्च १९४४ मध्ये पहिले तेरा कृष्णवर्णीय अधिकारी तयार झाले. पण हे अपवाद होते. समुद्रावर जाणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अधिकाऱ्यांच्या मेसमधली सेवाच होती. लढाईचा भोंगा वाजला की हेच वाढपी तोफांना गोळे पुरवायला धावत. लढाई संपली की पुन्हा ताटवाट्या. आणि जे समुद्रावर गेले नाहीत, ते गेले धक्क्यांवर, दारूगोळा भरायला.

पोर्ट शिकागो: १७ जुलै १९४४

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या ईशान्येला पोर्ट शिकागो नावाचा नौदलाचा धक्का होता. पॅसिफिकच्या लढाईला लागणारा दारूगोळा रेल्वेच्या वाघिणींतून इथे येई आणि जहाजांत भरला जाई. ज्या लहान जहाजांवर एका दमात १२० रॉकेट सुटत, त्यांचे कौतुक करताना हा प्रश्न कोणी विचारत नाही की रॉकेट, गोळे, बॉम्ब किनाऱ्यावरून जहाजात कोणाच्या हातांनी चढतात. पोर्ट शिकागोत या प्रश्नाचे उत्तर एकच होते. भरणारे सगळे कृष्णवर्णीय, हुकूम देणारे अधिकारी सगळे गोरे.

या मुलांना नौसैनिक म्हणून प्रशिक्षण मिळाले होते. समुद्रावर जाऊन लढू, या आशेने ते आले होते. त्यांच्या हातात हमाली आली. तीही स्फोटकांची आणि स्फोटके हाताळण्याचे शिक्षण न देता. अधिकारी तुकड्यातुकड्यांत शर्यत लावत, कोणती तुकडी ताशी जास्त टन भरते यावर आपसात पैजा मारत. अनुभवी गोदी कामगारांच्या संघटनेने धोक्याचा इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही.

१७ जुलै १९४४ च्या रात्री दहा वाजून अठरा मिनिटांनी धक्का उडाला. ई. ए. ब्रायन हे दारूगोळ्याने भरत आलेले जहाज अक्षरशः नाहीसे झाले. शेजारचे क्विनॉल्ट व्हिक्टरी तुकडे होऊन पाण्यात पडले. ३२० माणसे जागीच मेली. त्यातले २०२ कृष्णवर्णीय नौसैनिक होते. ओळख पटेल अशी प्रेते जेमतेम ५० च्या आसपास. उरलेल्यांचे काय झाले ते सांगायला नको. जे वाचले, त्यांनी आपल्याच मित्रांचे अवशेष टोपल्यांत गोळा केले.

गोऱ्या अधिकाऱ्यांना सावरण्यासाठी ३० दिवसांची रजा मिळाली. कृष्णवर्णीय नौसैनिकांना ती नाकारली गेली. चौकशी झाली, तिने अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला नाही, उलट भरणाऱ्यांच्या वकुबावर बोट ठेवले. मृतांच्या कुटुंबांना पाच हजार डॉलर द्यावेत असा प्रस्ताव होता. मृतांत बहुतेक कृष्णवर्णीय आहेत हे लक्षात आल्यावर मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन यांनी हरकत घेतली आणि ती रक्कम कमी करून तीन हजारांवर आणली गेली.

माणसाच्या मरणाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरते, हे आपण गटारांच्या झाकणांपाशी पाहतो. मी सफाई कामगारांच्या वस्त्यांमध्ये काम करते. चेंबरमध्ये माणूस गुदमरून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस त्याच गल्लीत येतो आणि त्याच्या भावाला विचारतो, ‘येतोस का कामाला?’ २०१३ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख भरपाईचे आदेश दिले आहेत. पण चौकशीत प्रश्न विचारला जातो तो मेलेल्याला: त्याने सुरक्षा पट्टा का लावला नव्हता? पट्टा दिला होता का, हे कोणी विचारत नाही. म्हणून पोर्ट शिकागोची पुढची गोष्ट वाचताना मला ती परकी वाटली नाही.

नकार

स्फोटातून वाचलेल्या तुकड्यांना जवळच्याच मेअर आयलंड या नौदलाच्या तळाकडे हलवले गेले. ९ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांना पुन्हा दारूगोळा भरण्याच्या धक्क्याकडे कूच करायचा हुकूम मिळाला. काहीच बदलले नव्हते. तेच अधिकारी, तेच काम, प्रशिक्षण नाही. रस्त्याच्या एका वळणावर, जिथून एक वाट धक्क्याकडे जात होती, तिथे ते थांबले. २५८ जणांनी दारूगोळा भरायला नकार दिला. कोणी हात उगारला नाही, कोणी शस्त्र घेतले नाही. दुसरे कोणतेही काम द्या, ते करू, हे काम असे करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

त्यांना तीन दिवस एका बार्जमध्ये कोंडले. ॲडमिरल कार्लटन राइट यांनी समोर उभे राहून सांगितले की युद्धकाळात बंडाची शिक्षा मृत्यू आहे. तेव्हा २०८ जण कामाला तयार झाले. त्यांनाही नंतर शिक्षा झाल्याच. ५० जणांवर बंडाचा खटला चालला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लष्करी न्यायालयाने २४ ऑक्टोबर १९४४ रोजी सगळ्या ५० जणांना दोषी ठरवले आणि १५ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. पुढे अनेकांची मुदत कमी झाली. एन. ए. ए. सी. पी. या संघटनेचे वकील थरगुड मार्शल हा खटला पाहायला जातीने आले होते. पुढे १९६७ मध्ये तेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. त्यांनी तेव्हाच जाहीरपणे म्हटले की हा खटला ५० माणसांवर नाही, तर नौदलाच्या कृष्णवर्णीयांविषयीच्या धोरणावर आहे.

‘बंड’ हा शब्द नीट पाहा. बंड म्हणजे सत्ता उलथवण्याचा कट. या मुलांनी सत्ता मागितली नव्हती, फक्त न मरण्याचा हक्क मागितला होता. पण गुलामाने कामाला ‘नाही’ म्हटले की मालकाला ते बंडच वाटते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले. त्यानंतर गावोगाव आपल्या आजोबा-पणजोबांनी ढोरे ओढणे थांबवले, तेव्हा त्यांना मारहाण झाली, वाळीत टाकले गेले. गावाच्या दृष्टीने तेही बंडच होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, तेही याच नकाराला कायद्याचे बळ देण्यासाठी. श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची जन्मावरून केलेली उतरंड वेगळी, हा बाबासाहेबांचा विचार पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर तंतोतंत लागू पडतो.

त्या नकाराने काय साधले? नौदलाने दारूगोळा भरण्याच्या कामावर गोऱ्या तुकड्याही लावायला सुरुवात केली. जानेवारी १९४६ मध्ये शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेकांना तुरुंगातून सोडले, पण दोष पुसला नाही. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाने नेमणुकांमधील वर्णभेदाची बंधने उठवण्याचा आदेश काढला. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्या सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला. हे सारे एकट्या पोर्ट शिकागोमुळे झाले नाही, पण त्या वळणावर थांबलेल्या पायांना वगळून ते समजत नाही.

याच काळात, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्या व्यासपीठावर न्यावा असे त्यांच्या मनात होते. ३१ जुलैला ड्युबॉइस यांचे उत्तर आले. म्हणजे ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. ती बाबासाहेबांनीच आपल्याला घालून दिलेली वाट आहे.

जहाज परत आले, माणसे केव्हा?

आता पुन्हा आपल्या जहाजाकडे. युद्धानंतर या वर्गातली बहुतेक जहाजे भंगारात गेली. १९४९ मध्ये उरलेल्यांचे वर्गनाव बदलून लँडिंग शिप सपोर्ट झाले. मग शीतयुद्धाने त्यांना नवे मालक दिले. फ्रान्सने ती इंडोचीनच्या नद्यांत वापरली, म्हणजे ‘स्वातंत्र्यासाठी’ बांधलेली जहाजे व्हिएतनामी लोकांचे स्वातंत्र्य दडपायला गेली. ज्या जपानशी लढायला ती बांधली होती, त्याच जपानला १९५३ च्या सुमारास अशी पन्नास जहाजे देण्यात आली. १०२ क्रमांकाचे जहाज त्यातच होते. जपानने त्याचे नाव ठेवले हिमावारी, म्हणजे सूर्यफूल. १९६६ मध्ये ते थायलंडला गेले आणि नाखा या नावाने त्यांच्या नौदलात चाळीस वर्षे राहिले. २००७ मध्ये थायलंडने ते निवृत्त केले, तेव्हा या वर्गातले मूळ रूप टिकवलेले ते शेवटचे जहाज उरले होते. जुन्या नौसैनिकांनी खटपट केली आणि ते अमेरिकेत परत आणून संग्रहालय केले.

कुठे आणले? कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडला. म्हणजे जिथे ऑगस्ट १९४४ मध्ये ते २५८ जण थांबले, त्याच तळावर.

जहाजाचा आणि त्या माणसांचा इतिहास असा एका धक्क्यावर येऊन मिळाला. पण दोघांचे परत येणे सारखे नाही. जहाजाला रंगरंगोटी मिळाली, स्वागत मिळाले. पोर्ट शिकागोचे राष्ट्रीय स्मारक १९९४ मध्ये झाले, पण ते लष्करी तळाच्या आत आहे, आधी नोंदणी करून परवानगी घेतल्याशिवाय तिथे जाता येत नाही. त्या माणसांची गोष्टही अशीच कुंपणाआड होती. रॉबर्ट ॲलन या कृष्णवर्णीय अभ्यासकाने हयात असलेल्यांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा ती बाहेर आली. अनेकांनी आपल्या शिक्षेविषयी घरात मुलांनाही सांगितले नव्हते. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी फ्रेडी मीक्स या एकाला माफी दिली. इतर काहींचे म्हणणे होते की माफी गुन्हेगाराला असते, आम्हाला न्याय हवा. शेवटी स्फोटाला ८० वर्षे झाली त्या दिवशी, १७ जुलै २०२४ रोजी, नौदलाने उरलेल्या २५६ जणांना निर्दोष ठरवले. तोपर्यंत त्यांच्यातले कोणी हे ऐकायला जिवंत नव्हते.

आपल्यासाठी याचा अर्थ

त्याच उपसागराच्या काठावर आणखी एक गोष्ट घडली. युद्धकाळात गोद्यांत कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे ओकलंड, रिचमंड, व्हॅलेहो या गावांत स्थायिक झाली. युद्ध संपताच त्यांची कामे गेली, बेकारी आणि पोलिसांचा जाच उरला. त्या वस्त्यांतून १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. पँथर हे नाव आपल्यापर्यंत आले ते अशा गोद्यांच्या, धक्क्यांच्या, बेदखल झालेल्या कामगारांच्या इतिहासातून आले आहे. नाव घेणाऱ्याने तो इतिहासही घ्यायला हवा.

मित्रांनो, मला आपल्याच चळवळीतल्या तरुणांना एक गोष्ट सांगायची आहे. आपण शौर्याचा इतिहास अभिमानाने सांगतो आणि तो सांगायलाच हवा. एक जानेवारीला भीमा कोरेगावला आपण जातो ते याचसाठी. पण शौर्य मान्य करायला प्रस्थापित व्यवस्था कधी ना कधी तयार होते. डोरिस मिलरला पदक मिळते, त्याच्या नावाने जहाज बांधायची घोषणा होते. नकार मान्य करायला तिला ८० वर्षे लागतात. कारण शूर माणूस व्यवस्थेच्या कामाला येतो, पण नकार देणारा व्यवस्थेचे कामच थांबवतो. म्हणून नकाराचा इतिहास दुसरे कोणी जपणार नाही, तो आपल्यालाच जपावा लागेल.

तुमच्या गावात ढोर ओढायचे पहिल्यांदा कोणी थांबवले? येसकरकीची काठी कोणी खाली ठेवली? त्यासाठी कोणाला मार बसला, कोणाचे घर जळले, कोण मुंबईला निघून गेले? या प्रश्नांची उत्तरे गॅझेटियरमध्ये नाहीत. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत. पोर्ट शिकागोच्या ५० जणांपैकी हयात असलेल्यांच्या दारात रॉबर्ट ॲलन टेपरेकॉर्डर घेऊन गेले, म्हणून तो इतिहास उरला. आपल्या सगळ्यांच्या खिशात आज टेपरेकॉर्डर आहे. या सुट्टीत गावी गेलात तर आजीच्या शेजारी तासभर बसा आणि तो चालू करा.

जहाजाचा सेवा-इतिहास जहाज लिहीत नाही, त्याच्याविषयी आस्था असणारी माणसे लिहितात. आपला इतिहासही आपणच लिहायचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!